आजीची पाऊणपट 'संदर्भ' म्हणून का चालत नाही?

खाडीकाठची

मुलगा सातवीत आहे. त्याला भरती-ओहोटीवर प्रकल्प करायचा होता, आणि तो थेट आजीकडे गेला. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७४, कोपरखैरणे गावातच जन्म आणि गावातच लग्न, शाळा दुसरीपर्यंत. त्यांनी त्याला सांगितलं, "तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. पंचमी असली तर पावणेचार, अष्टमी असली तर सहा. पुनवेला आणि अमावस्येला बारा धर." पोराने ते वहीत लिहिलं, खाली चंद्राच्या कलांचं चित्र काढलं आणि माहितीचा संदर्भ म्हणून "माझी आजी" असं लिहिलं.

वही परत आली. शेरा होता: वैयक्तिक माहिती चालणार नाही, पुस्तकाचा किंवा संकेतस्थळाचा संदर्भ द्यावा. त्याने एका संकेतस्थळावरून दोन परिच्छेद उतरवून काढले आणि त्याला चांगले गुण मिळाले.

मी स्वतः दुसऱ्या एका शाळेत भूगोल शिकवते. दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे ही वही आली असती तर मीही तोच शेरा मारला असता, म्हणून हे फार टोचलं. मग आम्ही मायलेकांनी एक महिना रोज आजीची वेळ एका रकान्यात आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातली मुंबईच्या अपोलो बंदरची वेळ दुसऱ्या रकान्यात लिहिली. बहुतेक दिवस फरक अर्ध्या-पाऊण तासाच्या आत राहिला. अष्टमी-नवमीच्या आसपास तो वाढला, एकदा तासाच्या जवळ गेला.

फरक का पडतो ते मुलानेच शोधलं. पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. रोज तीन मिनिटं मागे राहतात आणि पुनवेपर्यंत त्यांचा पाऊण तास होतो. आजी पुनवेला पाऊणपट न करता सरळ "बारा" का म्हणते, ते त्याला तेव्हा कळलं. त्यांच्या नियमातच दर पंधरवड्याला चूक पुसून नव्याने सुरुवात करायची सोय आहे. ४८ने गुणायला कागद लागतो. पाऊणपट होडीत उभ्या उभ्या होते.

अष्टमीचा फरक आम्ही त्यांना दाखवला तेव्हा त्या जराही चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, "भांगात (म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमजोर भरतीत) पाण्याला जोर नसतो, ते वेळ पाळत नाही. आणि तुमचा तक्ता मुंबईचा. पाणी इथवर यायला वेळ लागतो." पुढे आम्ही न विचारताच म्हणाल्या, "जेठ-आषाढात दिवसाचं उधाण मोठं, पौष-माघात रात्रीचं." तक्ता उघडून पाहिला. जून-जुलैतल्या साडेचार मीटरच्या वरच्या भरत्या बहुतेक भर दुपारच्या निघाल्या आणि जानेवारीतल्या मोठ्या भरत्या मध्यरात्रीच्या. मी वीस वर्षं भरती-ओहोटी शिकवते आहे. हे माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

मला विचारायचं आहे ते असं. अपोलो बंदरला १८७८ पासून पाण्याची नोंद ठेवली जाते, म्हणून तिथला आकडा "माहिती" ठरतो. त्याच खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या माणसांनी पाहून, चुकून, सुधारून बसवलेला नियम "वैयक्तिक" ठरतो. ही वाटणी केली कुणी? १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे-पनवेल-उरणच्या गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली. आमच्या घरचीही गेली. सासूबाई सांगतात, पंचनाम्याला माणसं आली, बांध मोजले, झाडं मोजली. पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, हे त्यांच्या सासऱ्यांना कुणी विचारलं नाही.

त्याचं आता काही करता येत नाही. पण माझ्या मुलाच्या वहीचं करता येईल. तुमच्याकडचे अनुभव लिहा, विरोधातले असतील तर तेही.

पंपहाऊस

ताई, लेख मनापासून आवडला, तरी विरोधात लिहितो. पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या कामात माझी बावीस वर्षं गेली. नवी मुंबईचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव केले. भरती असताना शहराचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की झडपा उघडून खाडीत जातं. इथे "साधारण सहा वाजता भरती" एवढ्यावर भागत नाही. पातळी सेंटिमीटरमध्ये लागते, वेळ मिनिटांत लागते, आणि पन्नास वर्षांत एकदा येणारं पाणी किती असेल याचा हिशेब लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा पाऊस कुणाच्याच आजीने पाहिलेला नव्हता. अनुभवातून आलेलं ज्ञान अनुभवाच्या पलीकडे गेलं की तोकडं पडतं, आणि अभियंत्याला नेमकं त्या पलीकडचंच पाहावं लागतं.

शाळेच्या शेऱ्याबद्दलही एक बाजू मांडतो. एका मुलाची आजी बरोबर सांगते, दुसऱ्याचा काका व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीही सांगतो. चाळीस वह्या तपासताना शिक्षकाने फरक कसा करायचा?

खाडीकाठची

दादा, पातळीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. झडपेची उंची पाऊणपटीवर ठरवा असं मी म्हणणार नाही.

२६ जुलैचं मात्र मी काल रात्री जुन्या कॅलेंडरात पाहिलं. गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती, म्हणजे २६ ला आषाढ वद्य पंचमी-षष्ठीचा सुमार. पाऊणपट केली की पावणेचार ते साडेचार. त्या दिवशीची मोठी भरती दुपारी चारच्या आसपासचीच होती. पाऊस किती पडेल हे आजीला सांगता आलं नसतं, पण साडेतीनला नाल्याकाठी थांबू नका एवढं सांगता आलं असतं. तुमचा तक्ताही त्या दिवशी तेच सांगत होता, पण ज्यांना गरज होती त्यांच्या हातात तो नव्हता.

चाळीस वह्यांचं उत्तर मला असं दिसतं: जे सांगितलं ते महिनाभर पडताळून बघ, असं मुलांना सांगायचं. आजीचंही आणि संकेतस्थळाचंही. माझ्या मुलाने आजीचं पडताळलं. संकेतस्थळावरचे ते दोन परिच्छेद कुणीच पडताळले नाहीत, आणि गुण त्यांनाच मिळाले.

पाटीवाला

पाऊणपट म्हणजे आमची पाऊणकी! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सगळं आम्ही रोज संध्याकाळी दिवा लागला की म्हणायचो. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आणे-पै गेले, आणि हे पाढेही हळूहळू शाळेतून गेले. दशमान पद्धत सोपी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाढा गेला तेव्हा त्याच्यावर उभे असलेले असे किती नियम गेले असतील, हे आज पहिल्यांदा मनात आलं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

दिवाळ्याचा

मी दिवाले गावचा. आमचे घरान आजून होरी हाय. भरती कवा येल ता बगाला मना मोबाईल लागत नाय. पन ताई, तुमी नुसता टायमाचा लिवला. टायमापरी मोठी गोष्ट हाय पान्याचा जोर. डोल (मासलीची जाली) लावाची तर उधान पायजे, भांगान डोल लावून काय मिलनार? बोईट कवा, कोलंबी कवा, चिंबोरी कवा भरलेली आन्‌ कवा पोकल, ता सगला तिथीवर.

आता खारीन मासली कमी झाली. ता पन आमाला पयला समजला. गाल वाढला, पानी कालां झाला, जालीन पिशव्या येतान. आमी सांगत व्हतो तवा कोनी लिवून घेतला नाय. मंग शिकलेली मानसा आली, बाटलीन पानी भरून नेला, आन्‌ पेपरान आला का खारी खराब झाली. आमाला ता वाचून काय नवीन वाटला नाय.

पंपहाऊस

दिवाळ्याचा दादा, तुमच्या या शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पाण्याचा नमुना घ्यावाच लागतो, आकड्याशिवाय कुणावर कारवाई होत नाही. पण नमुना कुठे आणि कधी घ्यायचा हे तुमच्या माणसांना विचारलं असतं तर काही वर्षं वाचली असती, हे खरं.

खारपट्टी

माहेर पनवेलजवळचं, म्हणून माझी भर भाताची. खाजणातल्या खाऱ्या जमिनीत आमच्याकडे राता करायचे. लाल तांदूळ, भाकरीला आणि पेजेला उत्तम. खारं पाणी बांध फोडून आत आलं तरी तग धरणारा. कोणत्या लोंबीचं बियाणं राखायचं ते घरातल्या बायका ठरवायच्या. खार चढलेल्या कोपऱ्यात जी लोंबी भरली तीच वेगळी काढायची. मी लहानपणी आजीबरोबर ती काढली आहे.

पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने अशाच स्थानिक भातांतून निवड करून 'काळा राता १-२४' आणि 'भुरा राता ४-१०' ही वाणं दिली. पुढे भुरा राता आणि आयआर-८ यांच्या संकरातून 'पनवेल-१' आलं. उत्पन्न वाढलं, शेतकऱ्यांचा फायदा झाला. केंद्राच्या कामाबद्दल मला आदरच आहे, तिथल्या लोकांनी चिखलात उभं राहून ते केलं आहे. पण 'राता' या नावापुढचा '१-२४' कुणी घातला याची नोंद आहे आणि त्या आकड्याच्या आधी काय काय झालं याची नाही. रात्याची निवड एका दिवसात सुरू झालेली नव्हती. संशोधकाच्या हाती आलं ते आधीच शेकडो हंगाम निवडलेलं बी होतं.

म्हणून ताईंचा प्रश्न मी जरा वेगळा विचारीन. ज्ञान उपयोगी आहे हे बहुतेक वेळा मान्य होतंच. मान्य होताना ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि पहिल्या हाताचं नाव वाटेत गळतं.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. ठाणे जिल्ह्याच्या आतल्या तालुक्यात अकरा वर्षं काढली, आता ठाण्यात आहे. इथे सगळे जुन्या ज्ञानाबद्दल प्रेमाने लिहीत आहेत, म्हणून भीत भीत पण स्पष्ट लिहिते.

मण्यार रात्री चावते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दुखत नाही, सूज येत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. या तासांत माणूस दवाखान्यात आला तर प्रतिविषाने आणि कृत्रिम श्वासाने वाचू शकतो. ते तास मी मांत्रिकाच्या अंगणात गेलेले पाहिले आहेत. एक मुलगी नऊ वर्षांची होती. तिच्या वडिलांनाही तेव्हा असंच वाटत होतं की आमच्या वाडवडिलांचं ज्ञान आहे.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. हा कायदा म्हणजेही कुणीतरी "हे ज्ञान चालणार नाही" असं ठरवणंच आहे, आणि ते ठरवलं हे बरंच झालं. अनेक प्रकारचं ज्ञान असतं म्हणताना कृपा करून सगळं एका पंक्तीत बसवू नका.

खाडीकाठची

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी कालचा दिवसभर काही लिहू शकले नाही. भीत भीत लिहायची गरज नव्हती. हे इथे यायलाच हवं होतं.

माझं म्हणणं मी आता जास्त नीट मांडते. सासूबाईंचा नियम मला मोलाचा वाटतो तो जुना आहे म्हणून नाही. तो चुकला की त्यांना उपाशी परत यावं लागायचं, होडी गाळात रुतून बसायची. खाडी रोज त्यांची परीक्षा घ्यायची. मांत्रिकाची परीक्षा कुणी घेत नाही. रोगी वाचला तर मंत्राने, गेला तर नशिबाने. बिनविषारी साप चावलेली कितीतरी माणसं त्याच्याकडे आपोआप बरी होतात आणि तो यशस्वी ठरतो. गावातही "हे खरं, हे मान" असं ठरवणारी सत्ता असतेच, आणि ती शाळेच्या शेऱ्याहून सौम्य असते असं नाही.

तुम्हाला एक विचारते, कारण तुम्ही त्या भागात राहिलात. मण्यारीपासून जपण्यासाठी तिथल्या बायका काही करायच्या का?

रात्रपाळी

करायच्या. पावसाळ्यात बाळंतिणीला आणि लहान मुलांना खाटेवर झोपवायचं, सरपण घराला लागून रचायचं नाही, रात्री उठताना आधी पाय न टाकता काठी आपटायची. आम्ही नंतर तेच आरोग्य शिक्षणाच्या फलकावर लिहिलं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची एवढी भर घालून. तुम्ही विचारेपर्यंत हे त्यांच्याकडून घेतलेलं आहे असं माझ्या मनात आलं नव्हतं. फलकावर आम्ही "आरोग्य विभागाचा सल्ला" असं लिहिलं होतं.

येऊरपायथा

उशिरा आलो. पाऊस तोंडावर आला की ठाण्याच्या बाजारात येऊरच्या पाड्यांवरच्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळाबरोबर त्या काकडाची हिरवी आंबट फळंही देतात, आणि नवख्या गिऱ्हाइकाला बजावतात की काकड घातल्याशिवाय शिजवू नको. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्याने घसा खाजतो. काकडाने ती खाज मरते. माझ्या बायकोने पहिल्या वर्षी काकड महाग म्हणून घेतली नाही. दोन दिवस आम्हाला गिळता येत नव्हतं. आता आम्ही त्या बाईंना विचारल्याशिवाय एक जुडी घेत नाही.

पण मला लिहायचंय ते पुराव्याबद्दल. हळदीचं पेटंट सगळ्यांना आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने डॉ. माशेलकरांच्या काळात ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. आजी हळद लावायची हे सांगून भागलं नाही, छापील आणि लिखित पुरावे काढावे लागले. त्यातून पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला. मोठं काम आहे. पण त्याचा पाया संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांचा. ज्याचा ग्रंथ नाही, जे फक्त तोंडी आहे, ते बाहेरच राहिलं. आपण परक्यांकडे मागितलेला न्याय आपल्याच वारली आणि कातकरी माणसांना पुरता दिला नाही.

उलट बाजूचंही उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवून घेतलेलं निवेदन चालतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाने "ही वाट आमची, हे देवाचं झाड, इथून पुढे दुसऱ्या पाड्याची हद्द" असं सांगितलं की तो कायद्याने पुरावा. प्रत्यक्षात दावे मंजूर करताना पुष्कळदा कागदच मागतात, ते दुःख वेगळं. पण संसदेच्या कायद्याखाली जे चालतं ते सातवीच्या वहीत चालत नाही, हे त्या शाळेला कळवा.

पंपहाऊस

चार दिवस हा धागा वाचतोय. माझ्या क्षेत्रातलं एक सांगतो. मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीत पर्यावरण अहवालाचा फक्त सारांश स्थानिक भाषेत असणं बंधनकारक आहे. पूर्ण अहवाल बहुधा इंग्रजीत, शेकडो पानांचा. अशा सुनावण्यांना मी टेबलाच्या आतल्या बाजूला बसलो आहे. समोरून एखादा म्हातारा उठून सांगायचा की इथून पाणी जातं, भराव टाकू नका. त्याचं बोलणं इतिवृत्तात "स्थानिकांनी भावना व्यक्त केल्या" असं यायचं. तो भावना सांगत नव्हता, निचऱ्याची दिशा सांगत होता. ते इतिवृत्त मीही सही करून पुढे पाठवलं आहे. आज ते आठवून रात्री झोप लागली नाही.

आणखी एक. आमच्या धारण तलावाला ज्या झडपा असतात त्या भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. खारपट्टी ताई, तुमच्याकडच्या खारबांधाला असायची ती उघाडी हीच ना?

खारपट्टी

हीच. लाकडी फळ्यांची. आणि दरवर्षी पावसाच्या आधी उघाडीसमोरचा गाळ काढून तोच बांधावर थापायचे, सगळं गाव मिळून. त्या कामाला घरटी एक माणूस द्यावाच लागायचा.

पंपहाऊस

आमच्या तलावांत गाळ साठला, गाळात तिवरं उगवली, आणि आता खारफुटीला संरक्षण असल्यामुळे न्यायालयाच्या परवानगीशिवाय गाळ काढता येत नाही. खारफुटीचं संरक्षण योग्यच आहे. पण झडप आम्ही घेतली आणि घरटी एक माणूस घेतला नाही.

ताई, तुमच्या मुलाला भेटायची फार इच्छा आहे. त्याला भरतीची नोंद कशी ठेवतात ते दाखवीन, माझ्याकडे जुनी मोजपट्टी आहे. येत्या वद्य अष्टमीला पाऊणपटीने भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. रविवारच आहे. दिवाळ्याच्या जेट्टीवर बारा वाजता जमायचं का? खाडीचा तळ बघता येईल.

दिवाळ्याचा

सायेब, टायम बरोबर काढला. पन अष्टमीला भांग. पानी पुरता हटनार नाय, तल काय दिसाचा नाय तुमाला. अमुशेचे दुसरे दिशी या. सकाली सा-साडेसाला सुकती लागल, चिखोल लांबपरत उघडा परल, निवट्या पन दिसतीन. पोराला पायान चपला नको घालू देव, चिखलान रुततान. आजीला पन आना. पाग मी घेतो.

खाडीकाठची

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर सांगतोय, कुणाचा गं तो?" अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाचला घरून निघतो. मुलाने वहीचं नवं पान काढलं आहे. माहितीचा संदर्भ या ओळीपुढे जागा मोकळी सोडलीय, म्हणतो तिथे जाऊन भरीन.